जेम्स विल्सन (१७४२–१७९८) : लोकसार्वभौमत्वाचा पुरस्कार आणि त्याच्या मर्यादा

प्रस्तावना :
अमेरिकेच्या संविधाननिर्मितीचा विचार करताना वॉशिंग्टन, मॅडिसन व हॅमिल्टन यांची नावे प्रामुख्याने घेतली जातात. त्या मानाने पेनसिल्व्हेनियाचे कायदेपंडित जेम्स विल्सन उपेक्षित राहिले. वस्तुतः स्वातंत्र्याचा जाहीरनामा (१७७६) व संविधान (१७८७) या दोहोंवर स्वाक्षरी करणाऱ्या सहा व्यक्तींपैकी ते एक होत. सार्वभौमत्व शासनाकडे किंवा घटकराज्यांकडे नसून जनतेकडे असते, हा विचार त्यांनी सातत्याने मांडला. मात्र त्यांच्या विचारातील ‘जनता’ व्यवहारात कितपत व्यापक होती, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जडणघडण व सार्वजनिक जीवन :
विल्सन यांचा जन्म स्कॉटलंडमधील फाइफ परगण्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. सेंट अँड्र्यूज विद्यापीठात शिक्षण घेतल्यानंतर ते अमेरिकेत आले. फिलाडेल्फिया येथे जॉन डिकिन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी कायद्याचे अध्ययन केले आणि पुढे रेडिंग व कार्लाइल येथे वकिली केली. १७७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तिकेत त्यांनी वसाहतींवर कायदे लादण्याचा ब्रिटिश पार्लमेंटचा अधिकार नाकारला. ज्या सभागृहात आपले प्रतिनिधी नाहीत, त्याचे कायदे बंधनकारक नाहीत, ही त्यामागची भूमिका होती.

तथापि, सामान्य जनतेशी त्यांचे संबंध नेहमीच सौहार्दाचे नव्हते. राजद्रोहाचा आरोप असलेल्या ब्रिटिशनिष्ठांचे वकीलपत्र त्यांनी घेतले होते. ४ ऑक्टोबर १७७९ रोजी महागाईने संतप्त झालेल्या नागरी सैनिकांनी त्यांच्या फिलाडेल्फियातील घराला वेढा घातला. या चकमकीत दोन्ही बाजूंची माणसे मृत्युमुखी पडली. जनतेला सत्तेचे उगमस्थान मानणाऱ्या विचारवंताला जनक्षोभापासून आपला जीव वाचवावा लागला.

संविधान परिषदेतील कार्य :
१७८७ च्या परिषदेत विल्सन यांचा प्रभाव लक्षणीय होता. कार्यकारी सत्ता एकाच व्यक्तीच्या हाती असावी आणि अध्यक्ष व सिनेट या दोहोंची निवड जनतेने करावी, असा त्यांचा आग्रह होता. प्रत्यक्ष निवडणुकीस पाठिंबा मिळत नाही हे पाहून २ जून रोजी त्यांनी जनतेने निवडलेल्या निर्वाचकांकरवी अध्यक्ष निवडण्याची सूचना मांडली. ती तेव्हा फेटाळली गेली. परंतु निर्वाचकांची कल्पना अखेरीस वेगळ्या स्वरूपात संविधानात आली. मसुदा समितीचेही ते सदस्य होते. ‘आम्ही लोक’ या शब्दांनी सुरू होणारा त्या समितीचा एक मसुदा त्यांच्या हस्ताक्षरात उपलब्ध आहे.

याच विल्सन यांनी ११ जून रोजी प्रतिनिधित्वासाठी गुलामांच्या संख्येचा तीन-पंचमांश भाग मोजण्याचा प्रस्ताव मांडला. हे प्रमाण १७८३ मध्येच काँग्रेससमोर आलेले होते. गुलाम नागरिक असतील तर त्यांची समान गणना का नाही, आणि ते मालमत्ता असतील तर इतर मालमत्तेची गणना का नाही, ही विसंगती त्यांनी स्वतः परिषदेत बोलून दाखवली. तरीही संघराज्याच्या ऐक्यासाठी तडजोड स्वीकारली. निर्वाचकांची संख्या काँग्रेसमधील प्रतिनिधित्वाशी निगडित झाल्यामुळे मताधिकार नसलेल्या गुलामांच्या आधारे दक्षिणेकडील राज्यांचे वजन अध्यक्षीय निवडणुकीतही वाढले. लोकाभिमुख हेतूने पुढे आलेली निर्वाचकांची कल्पना अशा रीतीने गुलामगिरीच्या पथ्यावर पडली.

न्यायाधीशपद व अखेर :
१७८९ मध्ये वॉशिंग्टन यांनी त्यांची सर्वोच्च न्यायालयावर नियुक्ती केली. चिझम विरुद्ध जॉर्जिया (१७९३) या खटल्यात, संघराज्याच्या प्रयोजनांपुरते जॉर्जिया हे सार्वभौम राज्य नाही आणि नागरिक त्यावर दावा लावू शकतो, असे मत त्यांनी दिले. ११ व्या दुरुस्तीने (१७९५) हा निर्णय निष्प्रभ ठरवला. दरम्यान, जमिनींच्या प्रचंड सट्टेबाजीमुळे ते कर्जबाजारी झाले. न्यायाधीशपदावर असतानाच त्यांना कर्जापायी तुरुंगवास घडला. २१ ऑगस्ट १७९८ रोजी नॉर्थ कॅरोलिनातील इडेंटन येथे विपन्नावस्थेत त्यांचे निधन झाले.

निष्कर्ष :
विल्सन यांचे विचार त्यांच्या काळाच्या पुढे होते. सिनेटची प्रत्यक्ष निवडणूक १७ व्या दुरुस्तीने १९१३ मध्ये अस्तित्वात आली. अध्यक्षाची निवड मात्र आजही निर्वाचकांमार्फतच होते. त्यांचे अपयश सिद्धान्ताचे नसून त्याच्या व्याप्तीचे होते. जनतेला सार्वभौम मानणे आणि जनतेत कोण मोडते हे ठरवणे, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. भारतीय संविधानाने उद्देशिकेत ‘आम्ही भारताचे लोक’ असे म्हणताना अनुच्छेद ३२६ द्वारे प्रौढ मताधिकारही दिला, म्हणजेच या दोन्ही प्रश्नांना एकत्रित उत्तर दिले. त्या निर्णयाचे मोल विल्सन यांच्या चरित्राच्या अभ्यासातून अधिक स्पष्ट होते.