आमदार मंत्र्यांना जाब कसा विचारतात? तारांकित, लक्षवेधी म्हणजे काय?

जळगाव जिल्ह्याचे ११ अन् धुळ्याचे ५, असे आपले १६ आमदार विधानसभेत आहेत. केळीचा विमा असो की पाडळसरे धरण, मंत्र्यांकडून सभागृहात उत्तर घेण्याचे ठरलेले मार्ग आहेत.

तारांकित प्रश्न : प्रश्नोत्तराच्या तासात मंत्री तोंडी उत्तर देतात. त्यावर उपप्रश्न विचारता येतात, म्हणून मंत्र्यांची खरी परीक्षा इथेच.

अतारांकित प्रश्न : उत्तर फक्त लेखी. पण खर्च, तारखा कागदावर मिळतात.

लक्षवेधी सूचना : तातडीच्या सार्वजनिक विषयावर मंत्र्यांना सभागृहात निवेदन करावं लागतं.

मंत्र्यांनी सभागृहात 'करू' म्हटलं की ते आश्वासन ठरतं. ते पाळलं का, हे विधिमंडळाची आश्वासन समिती तपासते.

आपलाच आमदार मंत्री असेल तर? मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तर देतात. अशा वेळी शेजारच्या मतदारसंघातल्या आमदाराकडे किंवा विधान परिषदेच्या सदस्याकडे जा. त्यांनाही तुमच्या गावाचा प्रश्न मांडता येतो.

गावकऱ्यांनी काय करावं?

तारांकित प्रश्न अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावा लागतो. अर्थसंकल्पी अन् पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपुरात भरतं. अधिवेशन सुरू झाल्यावर निवेदन घेऊन पळालं तर तारांकितची वेळ गेलेली असते. 'पाणी नाही' एवढंच सांगू नका. योजनेचं नाव, मंजुरीची तारीख, झालेला खर्च अन् अडलेलं काम एका कागदावर लिहून द्या. प्रश्न नेमका असला की उत्तर टाळणं अवघड जातं.