विजेवर चालणारा पंप: बोस यांचा रस आणि भाताची साखर

वनस्पतींतील रसाच्या आरोहणावरील जगदीशचंद्र बोस यांचा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. कोलकात्यात ३० नोव्हेंबर १९१७ रोजी स्थापन झालेल्या बोस संस्थेला तेव्हा सहा वर्षेही झाली नव्हती. विद्युत्-चुंबकीय लहरींवरील कामामुळे नावाजलेला हा भौतिकशास्त्रज्ञ खोडात गॅल्व्हानोमीटरला जोडलेली बारीक सुई थोडीथोडी आत सारून प्रत्येक थरातील विद्युत्-दाब नोंदवीत होता. सालीच्या आतल्या थरात त्यांना तालबद्ध चढउतार आढळले. तेथील जिवंत पेशी हृदयाप्रमाणे स्पंदन पावून रस वर ढकलतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

तो टिकला नाही. एडुआर्ड श्ट्रासबुर्गर यांनी त्याच्या कितीतरी आधी खोडातील पेशी विषारी द्रावणांनी मारून पाहिल्या होत्या. पाणी तरीही चढतच राहिले. पानांतून बाष्परूपाने जाणारे पाणी खालचा अखंड स्तंभ ओढून घेते, हे डिक्सन आणि जॉली यांचे १८९४ मधील स्पष्टीकरणच मान्य झाले. जलवाहिन्या म्हणजे मृत नळ्या.

झाडात दुसरीही वाहतूक चालते. पानांत तयार झालेली साखर जिवंत रसवाहिन्यांतून मुळांकडे आणि दाण्यांकडे जाते. साखर जेथे भरली जाते तेथे पाणी शिरून दाब वाढतो व रस कमी दाबाकडे वाहतो, असे एर्न्स्ट म्युन्श यांनी १९३० मध्ये मांडले. पण भातासारख्या पिकात रसवाहिनीत ती साखर भरतो कोण? पेशीपटलातील एक प्रथिन एटीपी खर्चून प्रोटॉन बाहेर फेकते. त्यामुळे पटलाच्या दोन बाजूंत शंभराहून अधिक मिलिव्होल्टचा फरक पडतो. प्रोटॉन परत आत येऊ पाहतो आणि ‘सट’ कुळातील वाहक प्रथिन त्याला एकाच अटीवर वाट देते: सोबत सुक्रोजचा एक रेणू आणला पाहिजे. बोस शोधत होते तसा जिवंत, विजेवर चालणारा पंप झाडात आहे. मात्र तो साखरेचा आहे, आणि तो धडधडत नाही.

अशा वाहकाचे पहिले जनुक १९९२ मध्ये पालकात सापडले. बाहेरची साखर वापरू न शकणाऱ्या यीस्टमध्ये पालकाची जनुके घालून, कोणते यीस्ट साखरेवर वाढते ते पाहण्यात आले. भातातील ‘सट-१’ १९९७ मध्ये मिळाले. त्याचे कार्य दडपलेल्या रोपांत प्रकाशसंश्लेषण नेहमीप्रमाणे चालले, पण दाणे नीट भरले नाहीत. शेत हिरवेगार आणि लोंबीत पळींज, असा हा प्रकार.

२०१० मध्ये ओळख पटलेली ‘स्वीट’ प्रथिने पंप नव्हेत, दारे आहेत. त्यांतून साखर जास्तीकडून कमीकडे जाते. कडा करप्याचा जिवाणू स्वतःचे प्रथिन भाताच्या पेशीत घुसवून ‘स्वीट-११’चे जनुक चालू करतो आणि बाहेर झिरपणाऱ्या साखरेवर पोसतो. ते जनुक कायमचे बंद करता येत नाही, कारण परागकणांना आणि दाण्यांना ते लागते. ‘एक्सए-१३’ या रोधक रूपात बदल आहे तो जनुकाच्या कळीत: जिवाणूला ती दाबता येत नाही, झाडाला येते. हे रूप आणखी दोन रोधक जनुकांसह हैदराबादच्या संशोधकांनी ‘सुधारित सांबा मसुरी’त आणले. तो वाण २००८ मध्ये प्रसारित झाला, म्हणजे हे जनुक साखरेचे दार घडवते हे कळण्याच्या दोन वर्षे आधी.