लष्करी रंगाचा पतंग : दादर-गिरगावच्या तगरीवर वाढणारा ओलिएंडर हॉक मॉथ

सकाळी चाळीच्या जिन्यात किंवा सोसायटीच्या भिंतीवर तळहाताएवढा हिरवा पतंग निपचित बसलेला दिसतो. कुणीतरी फोटो काढतं आणि 'अतिदुर्मीळ, विषारी, हात लावू नका' असं लिहून ग्रुपवर टाकतं. प्रत्यक्षात तो दुर्मीळ नाही, आणि डंखही मारत नाही. तो फक्त सहसा दिसत नाही.

हा ओलिएंडर हॉक मॉथ, शास्त्रीय नाव डाफ्निस नेरी. ओलिएंडर म्हणजे आपली कण्हेर. १७५८ साली लिनियसने त्याला नाव दिलं तेही कण्हेरीवरूनच. पंख पसरल्यावर तो साधारण ९ ते ११ सेंटिमीटर भरतो. हिरव्या छटांवर पांढुरके, गुलाबी-जांभळट पट्टे, अगदी जवानांच्या गणवेशासारखे. त्यामुळे दिवसा पानांत बसला की शोधूनही सापडत नाही.

त्याच्या अळीला कण्हेरच लागते असं नाही. तगर चालते, सदाफुलीही चालते. आता मुंबईत तगर कुठे नाही? पूजेला फुलं हवीत म्हणून ती देवळाच्या आवारात असते, कुंपणाला असते, गिरगावपासून लालबाग-परळपर्यंत.

खरा घोळ होतो तो अळीमुळे. बोटाएवढी जाड, हिरवीगार, शेपटीकडे छोटं शिंग आणि डोक्यामागे दोन निळे 'डोळे'. ते खरे डोळे नव्हेत. धोका वाटला की ती डोकं आत ओढून मान फुगवते आणि हे ठिपके पक्ष्यावर वटारते. माणूसही दचकतो, आणि मग चप्पल किंवा फवारणी! शिंग मऊ असतं, अंगावर खाजरे केसही नसतात. फार तर तगरीची काही पानं जातात, ती पुन्हा फुटतात. झाडाखाली काळ्या लेंड्या दिसल्या तर वर पाहा, अळी तिथेच असेल.

हे नुसतं नवं कुतूहल नाही. मुंबई इलाख्यात कारवारला वनाधिकारी असलेल्या टी. आर. बेल यांनी अशा अळ्या पाळून निरीक्षणं नोंदवली. त्यांचा आणि एफ. बी. स्कॉट यांचा भारतातल्या हॉक मॉथवरचा ग्रंथ १९३७ साली आला.

पूर्ण वाढलेली अळी तपकिरी पडते आणि कोष करायला खाली उतरते. तिला हवा असतो झाडाखालचा पालापाचोळा. रोज झाडून लख्ख केलेल्या, पेव्हर ब्लॉक बसवलेल्या आवारात तोच मिळत नाही.