कोटाच्या पोटातलं
कोट बाहेरून सगळ्यांना दिसतो, पण आमचं निम्मं काम आत असतं. कापडामागे घोड्याच्या केसांचा कॅनव्हास, छातीवर आणखी एक थर, खांद्यांवर पॅड, लेपलच्या उलट्या बाजूला बारीक तिरप्या टाक्यांच्या रांगा आणि या सगळ्यावर झाकण म्हणून अस्तर. आमच्या गिरगावातल्या दुकानात वडिलांचा दंडक होता, खुंटीला टांगलेला कोटसुद्धा छाती काढून उभा दिसला पाहिजे. मे महिन्यातल्या लग्नात नवरदेव आतून भिजला तरी बेहत्तर.

हे पोट ज्यांनी रिकामं केलं ते इटालियन फॅशन डिझायनर जॉर्जो अरमानी मुळात शिंपी नव्हतेच. १९३४ साली पियाचेन्झात जन्म. वैद्यकीचं शिक्षण अर्धवट सोडलं, लष्करात सक्तीची सेवा केली आणि १९५७मध्ये मिलानच्या ‘ला रिनाशेंते’ या बड्या दुकानात शोकेस सजवायला लागले. गिऱ्हाईक कशाला हात लावतं आणि काय परत ठेवून देतं, हे तिथे डोळ्यांसमोर घडत होतं. त्यांचं खरं शिक्षण तेच, असं मी मानतो. शिंप्याच्या घरात वाढले असते तर कॅनव्हासला हात घालायची हिंमत झाली नसती. माझी तरी कुठे झाली?

१९६४च्या सुमारास ते नीनो चेरुती यांच्याकडे गेले. बिएल्ला गावातली चेरुतींची लोकरीच्या कापडाची गिरणी १८८१पासूनची. तिथे त्यांना कापड कळलं. कारखान्यातला तयार सूट पुठ्ठ्यासारखा ताठ असे, तो मऊ कसा करायचा हा प्रश्नही तिथलाच. पुढे मित्र सेर्जो गालेओत्ती यांनी भरीला घातलं आणि १९७५ साली दोघांनी मिलानमध्ये स्वतःची कंपनी काढली. भांडवलासाठी फोक्सवॅगन विकली, असं अरमानी सांगत.

आता कोटाकडे येऊ. कॅनव्हास पातळ केला, पॅड काढले, अस्तर कमी केलं किंवा उडवलंच. म्हणायला सोपं आहे. पॅड काढला की बाहीचा माथा लोंबतो आणि मुंढ्यापाशी चुण्या पडतात. अरमानींनी लेपल आणि बटणं खाली आणली, कोट सैल ठेवला आणि बायकांच्या कपड्यांत वापरतात तसलं लुसलुशीत, पडणारं कापड पुरुषांसाठी घेतलं. आम्ही ज्याला ‘झोल’ म्हणून ट्रायललाच उसवलं असतं, तीच त्या कोटाची ऐट झाली.

शोध मात्र पूर्णपणे त्यांचा नव्हे. नेपल्समध्ये १९३०च्या दशकातच रुबिनाच्ची यांच्या दुकानात विन्चेन्झो आत्तोलिनी हे कटर बिनपॅडचे, सदऱ्यासारख्या खांद्याचे कोट बेतत होते. पण ते हातचं काम होतं, मोजक्या धनिकांसाठी. अरमानींनी तो ढिलेपणा कारखान्यात आणला. १९७८मध्ये तोरिनोच्या ‘जीएफटी’ या मोठ्या वस्त्रउद्योगाशी करार झाला आणि माल अमेरिकेपर्यंत पोचायला लागला. शिंपी म्हणून मला हीच बाजू जास्त मोठी वाटते. एक मऊ कोट जमणं वेगळं आणि मशीनवर एकसारखे हजारो उतरवणं वेगळं.

१९८०मध्ये ‘अमेरिकन जिगोलो’ हा सिनेमा आला. रिचर्ड गिअर पलंगावर कोट, शर्ट, टाय मांडून जोड्या लावतो, तो प्रसंग म्हणजे फुकटची जाहिरात. एप्रिल १९८२मध्ये अरमानी ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकले. बायकांसाठीही त्यांनी तोच कोट बेतला आणि ऑफिसात जाणाऱ्या बायकांनी तो उचलून धरला. १९८५ साली गालेओत्ती गेले. त्यानंतर हिशेबाची बाजूही अरमानींनीच सांभाळली. सप्टेंबर २०२५मध्ये, वयाच्या ९१व्या वर्षी, निधन होईपर्यंत मालकी त्यांनी हातची सोडली नाही.

आमच्याकडेही अशा कोटाचं मासिकातलं चित्र घेऊन लोक यायला लागले. अस्तर नसलं की आतल्या शिवणी उघड्या पडतात. प्रत्येक कडेला पायपिन लावा, खिशाची पिशवी नीटनेटकी करा, धागा म्हणून कुठे दिसता कामा नये. वेळ जास्त जातो. आणि गिऱ्हाईक काउंटरवर कोट उलटा करून म्हणतं, ‘‘मास्तर, अस्तरच नाही घातलं, मग शिलाई कमी करा ना!’’