श्रमाला भिणारे हृदय

झाशी ही छावणीची नगरी. सैन्यभरतीच्या तयारीसाठी पहाटे इलाइट चौराह्यावरून धावणाऱ्या एखाद्या तरुणाची छाती अचानक धडधडू लागावी, श्वास पुरेनासा व्हावा, हातांना मुंग्या याव्यात, ‘आता आपण मरणार’ या भयाने त्याने मटकन खाली बसावे आणि तपासणीत मात्र हृदय निर्दोष निघावे, यात नवे काही नाही. वैद्यकाने या अनुभवाची पहिली सविस्तर नोंद केली, तीही सैनिकांमध्येच.

अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात फिलाडेल्फियाच्या लष्करी रुग्णालयात जेकब मेंडेस द कोस्टा यांनी असे सुमारे 300 सैनिक तपासले. 1871 च्या निबंधात त्यांनी या विकाराला ‘चिडखोर हृदय’ म्हटले आणि विश्रांती व डिजिटॅलिस हे उपाय सांगितले. त्याच सुमारास ब्रिटिश लष्करी शल्यवैद्य आर्थर मायर्स यांनी सैनिकांच्या हृदयविकाराचा दोष घट्ट गणवेशाला दिला होता. आज याचे हसू येईल. पण निदान ते तपासून पाहता येण्याजोगे गृहीतक होते.

पहिल्या महायुद्धात हजारो ब्रिटिश सैनिक हृदयरोगी ठरून परतू लागले. हृदयालेखशास्त्राचे एक प्रवर्तक थॉमस लुईस यांना त्यांपैकी बहुतेकांच्या हृदयात दोष आढळला नाही. त्यांनी या विकाराला श्रमावरूनच नाव दिले आणि दीर्घ विश्रांतीऐवजी क्रमाक्रमाने वाढणारी कवायत सुरू केली. श्रमाने होणाऱ्या त्रासावर श्रमाचाच उपचार! अनेक जण पुन्हा सेवेत रुजू झाले. 1941 मध्ये पॉल वुड यांनी आणखी एक पाऊल टाकले: ही लक्षणे श्रमाच्या परिणामांपेक्षा भीतीच्या परिणामांशी अधिक जुळतात.

त्यानंतर एक मोहक चकवा आला. 1967 मध्ये पिट्स आणि मॅक्क्लुअर यांनी चिंताविकाराच्या 14 रुग्णांना शिरेतून सोडियम लॅक्टेट दिले; 13 जणांना झटका आला, तर 10 निरोगी व्यक्तींपैकी केवळ दोघांना. व्यायामातही लॅक्टेट वाढतेच. मग अशा रुग्णांनी व्यायाम टाळावा, हा निष्कर्ष सोपा वाटला. परंतु शिरेतून दिलेल्या सोडियम लॅक्टेटचे शरीरात बायकार्बोनेट होऊन रक्त अल्कधर्मी होते, तर तीव्र व्यायामात ते आम्लतेकडे झुकते. रेणू एकच, परिस्थिती उलट. पुढे, 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात रुग्णांच्या व्यायामाच्या 444 प्रसंगांत झटके आढळले ते अवघे पाच.

मग भय येते कुठून? डेव्हिड क्लार्क यांनी 1986 मध्ये मांडलेली उपपत्ती आज सर्वाधिक परिचित आहे: धडधडीसारख्या साध्या संवेदनेचा अर्थ ‘संकट’ असा लावला जातो, त्या अर्थाने धडधड आणखी वाढते आणि वाढलेली धडधड संकटाची ग्वाही देते. भौतिकीच्या भाषेत हे धन पुनर्भरण होय. जिना टाळणाऱ्याला हे चक्र कधीच तपासून पाहता येत नाही. म्हणूनच आजच्या उपचारात जागच्या जागी धावून किंवा गोल फिरून ती संवेदना मुद्दाम निर्माण करतात आणि ती आपोआप ओसरेपर्यंत थांबतात. (श्रमात छातीत कळ येणे किंवा शुद्ध हरपणे ही गोष्ट मात्र वेगळी, तेथे आधी हृदयाची तपासणी हवी.)

1998 मध्ये ब्रूक्स आणि सहकाऱ्यांनी जर्मनीत 46 रुग्णांवर दहा आठवड्यांची चाचणी घेतली. नियमित धावणे हे नकली गोळीपेक्षा निश्चित सरस ठरले. क्लोमिप्रामिन हे औषध मात्र अधिक प्रभावी ठरले आणि त्याचा गुणही लवकर आला.