पैसा फंड आणि स्वदेशी ग्राहक

स्वदेशी माल जाणीवपूर्वक विकत घेण्याची कल्पना १९०५ मधील वंगभंगाच्या चळवळीबरोबर महाराष्ट्रात आली, असा समज रूढ असला, तरी लोकहितवादींनी १८४८ नंतरच्या आपल्या शतपत्रांतच देशी माल वापरण्याचा आग्रह धरला होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे एक संस्थापक गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, यांनी हा विचार आचरणात आणला. १८७२ मध्ये त्यांनी खादीचे व्रत घेतले आणि १८७७ च्या दिल्ली दरबारात, जिथे संस्थानिकांच्या वैभवाचे प्रदर्शन मांडले होते, तिथे ते हातसुताच्या वस्त्रांत उपस्थित राहिले.

परंतु ग्राहकाने कितीही निश्चय केला, तरी घेण्याजोगा माल इथे तयारच होत नसेल तर त्या निश्चयाचे काय करायचे, हा प्रश्न उरत होताच. कंदिलाच्या काचा, बाटल्या, बांगड्या अशा नित्याच्या वस्तू मोठ्या प्रमाणावर परदेशांतून येत असत. या प्रश्नाला अंताजी दामोदर काळे यांनी दिलेले उत्तर, म्हणजे पैसा फंड, विदेशी कापडाच्या होळीइतके लोकांच्या स्मरणात राहिले नाही, ही खेदाची बाब आहे, कारण होळीने नकार व्यक्त झाला, तर या फंडाने निर्मितीची सोय केली. माणशी वर्षाला एक पैसा, म्हणजे रुपयाचा चौसष्टावा भाग, गोळा करून देशी उद्योगासाठी भांडवल उभारावे, अशी ही योजना होती. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले. श्रीमंताच्या देणगीपेक्षा सामान्य माणसाच्या अल्प वर्गणीवर तिची भिस्त होती आणि त्यामुळे उद्या जो ग्राहक होणार, तोच आज भांडवल पुरवणाराही ठरत होता.

या निधीतून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना सुरू झाला, ज्याचे तांत्रिक काम परदेशात शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी सांभाळले. वाळू, सोडा आणि चुना भट्टीत वितळवून तो रस नळीने फुंकून आकारास आणण्याचे कसब केवळ वाचनाने येत नसे. त्यासाठी भट्टीपाशी घडलेले कारागीर लागत, आणि असे कारागीर घडवणे हे तळेगावच्या कारखान्याचे मालाच्या विक्रीइतकेच मोलाचे काम होते. पुढे १९१६ मध्ये ओगले बंधूंनी औंध संस्थानाच्या आश्रयाने कऱ्हाडजवळ काच कारखाना काढला, जिथे ओगलेवाडी वसली आणि जिथला ‘प्रभाकर’ कंदील मराठी घरांत सर्वत्र पोहोचला.