डॉ. कॅथरिना डाल्टन : एका दुखण्याची नोंद



माझे शिक्षण शाळेत थोडे आणि कामगारसंघाच्या कचेरीत अधिक झाले. तेव्हा संप्रेरकांवर मी बोलावे, हे कोणास धाडसाचे वाटेल. परंतु हा विषय मला एका कामगार भगिनीने दिला. ‘महिन्यातून दोन दिवस मान वर होत नाही, पण मुकादमाला कारण सांगायचे ते तापाचे,’ असे ती सभेनंतर म्हणाली. खाडा मांडला गेला, दुखणे मात्र कोठेच मांडले गेले नाही. अशा दुखण्याची नोंद ठेवण्यात लंडनच्या डॉ. कॅथरिना डाल्टन यांनी आयुष्य वेचले.

त्यांचा जन्म १९१६ चा. आरंभी त्या पायांच्या विकारांवर उपचार करीत. दुसऱ्या महायुद्धात पती मारले गेले. पुढे वैद्यक शिकून १९४८ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. पाळीच्या वेळी त्यांना अर्धशिशी होई. ती गरोदरपणी थांबली. गरोदरपणी प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक शरीरात विपुल असते, पाळीपूर्वी ते ओसरते. तेव्हा दुखण्याचे मूळ ह्या ओहोटीत असावे, असा तर्क त्यांनी केला. १९३१ मध्ये न्यूयॉर्कचे डॉ. रॉबर्ट फ्रँक यांनी पाळीपूर्वीच्या ताणाचे वर्णन केले होतेच. १९५३ मध्ये डॉ. रेमंड ग्रीन यांच्यासह डाल्टनबाईंनी दाखविले की, हा केवळ मनाचा ताण नव्हे. डोकेदुखी, दमा, सूज हीही पाळीच्या मागोमाग फिरतात.

त्यांची रीत साधी होती. बाईने दुखण्याचे दिवस आणि पाळीचे दिवस तारखांवर मांडावयाचे, आणि डॉक्टरने ते खरे मानून वाचावयाचे.

१९६१ मध्ये त्यांनी शिक्षा झालेल्या १५६ स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. पाळी व तिच्या आधीचे चार दिवस मिळून आठ दिवसांत १०० पैकी २९ गुन्हे पडावेत, असा हिशेब; पडले ४९. हा आकडा दुधारी आहे. पुढे १९८०-८१ मध्ये त्यांच्या साक्षीमुळे इंग्लंडच्या न्यायालयांत काही स्त्रियांना दया मिळाली. पण हाच आकडा दाखवून कोणी मालक म्हणेल, ‘बायकांवर यंत्र कसे सोपवावे?’ शिवाय भीतीने आणि ताणाने पाळीही मागेपुढे होते. सोबत आढळले म्हणजे कारण सापडले असे नव्हे.

औषधाच्या बाबतीत तर त्या चुकल्याच. १९९० मध्ये अमेरिकेत १६८ स्त्रियांवर झालेल्या परीक्षणात प्रोजेस्टेरॉन खोट्या औषधाहून सरस ठरले नाही. १९९८ मध्ये तेथीलच संशोधकांनी दाखविले की, अशा स्त्रियांत संप्रेरकांचे प्रमाण इतरांसारखेच असते. त्यांच्या चढउताराला काहींचे शरीर अधिक तीव्रतेने उत्तर देते.

२००४ मध्ये डाल्टनबाई वारल्या. त्यांचा उपाय टिकला नाही. तारखा मांडण्याची रीत मात्र आजही दवाखान्यांत चालते, आणि दुखणे खोटे होते असे आता कोणी जाणता डॉक्टर म्हणत नाही. ती नोंद बाईच्या हाती राहावी, तिने रजा मागावी ती खरे कारण सांगून, आणि त्यापायी तिची भाकर जाऊ नये, एवढे आपण पाहू या.